कणकेची गोळी : माशाला काय आवडतं, हे आपल्याला कसं कळतं?



आजचा विषय जाहीर झाला आणि आम्हाला दोन फोन आले. एकाने विचारलं, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस गळ घेऊन तळ्याकाठी कधीपासून बसायला लागला? दुसऱ्याचा प्रश्न सरळ होता. कणकेत हिंग किती घालायचा? हिंगाचं आधी सांगून टाकतो. नाही घातला तरी चालतो. (हशा) का चालतो, हे सांगण्यातच आजचा बराच वेळ जाणार आहे.

सुरुवात शब्दापासून करू, ती आमची जुनी खोड आहे. गळाला जे लावतात त्याला आपण आमिष म्हणतो. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. म्हणून तर शाकाहाराला निरामिष म्हणतात. आता आपल्या अमरावती-अकोल्याकडे तळ्याकाठी बसलेला माणूस गळाला काय लावतो? कणीक, शेंगदाण्याची ढेप, फुटाण्याचं पीठ, गूळ. म्हणजे झालं काय, निरामिष आमिष! व्याकरणाला हे पटणार नाही, पण रोहूला पटतं. मरळीला नाही पटत, तिला बेडकी किंवा जिवंत मासोळी लागते. आज आपण बोलतोय ते कार्प कुळातल्या माशांबद्दल. रोहू, कतला, मृगळ, आणि ज्याला आपले मच्छीमार सिप्रनस म्हणतात तो सायप्रिनस.

यातले पहिले तीन मुळात उत्तरेतल्या मोठ्या नद्यांमधले. आपल्या तलावांत आणि धरणांत त्यांचं बीज सोडलं जातं. पूर्वी हे बीज पुरात नदीतून गोळा करावं लागे, कारण हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची तळ्यातच वीण घडवून आणली. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळे. सांगायचा मुद्दा एवढाच, की तुमच्या गळाशी येणारा मासा बहुधा कुणीतरी सोडलेला, कुणीतरी पोसलेला असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो आमच्या अंगाशी येणार आहे.

आमची आई माळकरी होती. कौंडण्यपूरला गेलो की ती वर्धेच्या काठावर बसून कणकेच्या बारीक गोळ्या पाण्यात सोडायची. मासे वर यायचे, पाणी खदखदायचं, आम्ही टाळ्या पिटायचो. घरी आल्यावर आम्ही त्याच परातीतली मूठभर कणीक गळासाठी मागितली की मात्र हातावर फटका बसायचा. आम्ही वाद घालायचो. गोळी तीच, मासा तोच, मग पाप कुठून आलं? आई म्हणायची, "तिच्यात काटा हाये." वाद तिथंच संपायचा. पुढे चाळीसेक वर्षं नीतिशास्त्र शिकवलं, पण त्या तीन शब्दांच्या पलीकडे फार गेलो असं वाटत नाही.

असो. आता माशाकडे वळू.

आपण आमिष बनवतो तेव्हा वास कुणाच्या नाकाने घेतो? आपल्या. डब्याचं झाकण उघडलं, घमघमाट सुटला, की आपण खूश. पण माशाचा वास घेण्याचा मार्ग वेगळा आहे. त्याच्या नाकपुड्या तोंडाला जोडलेल्या नसतात. पुढच्या छिद्रातून पाणी आत जातं, मागच्या छिद्रातून बाहेर येतं, आणि मधे जे पाण्यात विरघळलेलं असेल तेवढंच त्याला कळतं. चवीचं तर आणखी नवल. आपली चव जिभेवर. कार्पची चव ओठांवर, तोंडाच्या टाळूवर, सायप्रिनसच्या मिशांवर, आणि काही प्रमाणात बाहेरच्या कातडीवरसुद्धा. गोळी तोंडात घेण्याआधीच त्याने ती थोडीशी चाखलेली असते.

शिवाय कार्पच्या जबड्यात दात नाहीत, दात आहेत ते घशात. पोटात जठर नाही, थेट आतडं. टाळूला एक मांसल गादी असते. मासा तळातला गाळ तोंडात ओढतो, त्या गादीने खाण्यासारखं तेवढं धरतो आणि बाकीचं फुर्रकन बाहेर टाकतो. तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या बोटांना जसे खडे कळतात, तसं त्याच्या टाळूला कळतं. आपण गळ टाकतो तो या निवडणाऱ्या तोंडात.

हे समजलं की आमिषाचं अर्धं शास्त्र आपोआप येतं. तेलकट पदार्थांचा वास हवेत सुंदर येतो, पण तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. बडीशेपेतला वासाचा घटकही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हिंगाचा वास गंधकयुक्त घटकांचा, तोही पाण्यात फारसा मिसळणारा नाही, आणि दुकानातला बांधानी हिंग म्हणजे बराचसा डिंक आणि पीठ. याउलट गूळ, मीठ, आंबवलेल्या पिठातलं आंबटपण, आणि प्रथिनं फुटून निघणारी अमिनो आम्लं, हे सगळं पाण्यात लगेच उतरतं. यातल्या अमिनो आम्लांना कार्प चटकन दाद देतो, हे प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आपल्या नाकाला ती जवळजवळ बिनवासाची!

म्हणून आमचं मत असं आहे, आणि ते आम्ही बऱ्याच चुका करून बनवलंय, की आमिषाचा पाया ढेपेत असतो. मसाल्याच्या डब्यात नसतो.

आता कृती सांगतो. लिहून घ्यायची असेल तर घ्या.

शेंगदाण्याची ढेप कुटून चाळून दोन वाट्या. कणीक एक वाटी, रोडग्यासाठी दळतो तशी किंचित जाडसर असली तर उत्तम. फुटाण्याचं पीठ एक वाटी. सुपारीएवढा गूळ पाण्यात विरघळवून. मीठ चिमूटभर. ढेप आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवून झाकून ठेवायची, सकाळी तिला आंबूस वास यायला लागतो, तोच हवा. उन्हाळ्यात रात्रभर पुरे, पौष-माघात दीड दिवस लागतो. आंबणं आणि सडणं यातला फरक वऱ्हाडी माणसाला सांगायला नको, आंबील आपल्या घरची आहे. मग सगळं एकत्र करून पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं.

ज्वारीचं पीठ वापरू का, असं पुष्कळ जण विचारतात. वापरा, पण ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. थंड पाण्यात मळलेली ज्वारीची गोळी पाण्यात पडताच विस्कटते. भाकरीसाठी उकळतं पाणी घालून जशी उकड काढतात तशी काढली तर ती टिकते. सोयाबीन तर आता आपल्याकडे घरोघरी आहे, पण ते भिजवून, शिजवूनच घ्या. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनेच जातो. आणि कोरडे दाणे, हरभरा असो की मका, पाण्यात कधीही टाकू नका. ते माशाच्या आत जाऊन फुगतात.

गळाला लावायच्या गोळीत आम्ही एक जुनी युक्ती करतो. कापसाचा पेळू घ्यायचा, त्यातले चार-सहा तंतू सुटे करायचे आणि मळताना पिठात मुरवायचे. गोळी गळावर घट्ट बसते. कापसाच्या मुलखात राहून एवढं तरी करावं! तंतू मात्र चार-सहाच, बोळा नको. तो माशाच्या आतड्यात अडकेल.

आता परीक्षा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि गोळी सोडा. नुसत्या खाऊ म्हणून टाकायच्या गोळीने दहा-पंधरा मिनिटांत विरघळून ढग करायला हवा. गळाच्या गोळीने अर्धा-पाऊण तास अंग धरायला हवं. एकच पीठ, फक्त पाणी आणि मळणं कमी-जास्त. जो माणूस घरी पेला ठेवून बघत नाही, तो तळ्यावर नशिबाला दोष देतो.

मासा कुठल्या थरात खातो तेही बघा. कतल्याचं तोंड वर वळलेलं असतं. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याला मोरपिसाच्या दांडीखाली टांगलेली, विरघळत जाणारी मऊ गोळी हवी. रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. तळाला गाळ असेल तर जड गोळी त्यात रुतते, तिथं फुटाण्याचं पीठ वाढवून ती हलकी करावी.

लहान मासोळ्या मऊ गोळी टोचून टोचून संपवतात, ही सगळ्यांची तक्रार. तिच्यावर इंग्रजांनी तोडगा काढला तो असा. पीठ अंड्यात मळायचं, गोळ्या वळायच्या, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं सोडायच्या आणि वाळवायच्या. तिला बाहेरून कडक साल येते. आपल्या भाषेत हे माशांचे मुटकेच. पुढे १९८०च्या सुमारास तिकडे अशी पद्धत निघाली की गोळी गळावर न लावता शेजारी बारीक दोऱ्याने टांगायची. मासा गोळी ओढतो, टाळूने तपासतो, नको वाटून बाहेर फेकायला जातो आणि मोकळा असलेला गळ ओठात राहतो. म्हणजे त्याची ती निवडण्याची कलाच त्याच्याविरुद्ध वापरली. हुशारी आहे, यात शंका नाही. आम्हाला ती जरा जास्तच हुशारी वाटते.

आमिषाचा हा उद्योग काही साहेबांनी सुरू केला असं समजू नका. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या मराठी सीमेलगत. त्याच्या मानसोल्लास या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. मासे किती प्रकारचे, कुणाला काय खाऊ घालावं, काठी-दोरी कशी असावी, हे राजा सविस्तर सांगतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर लेख लिहिला, म्हणून आधुनिक अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक आलं १६५३ साली, म्हणजे सोमेश्वरानंतर पाचशे वर्षांनी. कार्पसाठी मधाची गोड कणीक त्यातही आहेच.

आता मूळ प्रश्न. माशाला अमुक आवडतं, हे आपल्याला कसं कळतं? चिनी तत्त्वज्ञ च्वांगत्झू याची एक गोष्ट आहे. तो मित्राबरोबर नदीच्या पुलावर उभा असतो. खाली मासे विहरताना बघून म्हणतो की मासे आनंदात आहेत. मित्र तर्कवादी. तो विचारतो, तू मासा नाहीस, तुला कसं कळलं? हा उलट विचारतो, तू मी नाहीस, मग मला कळत नाही हे तुला कसं कळलं? वर्गात आम्ही ही गोष्ट दरवर्षी सांगायचो आणि मुलं हसायची. तळ्याकाठी मात्र ती हसण्यावारी नेता येत नाही. तिथं अनुमानावरच सगळा कारभार चालतो.

नैयायिक म्हणतात, जिथे धूर तिथे अग्नी, अशी व्याप्ती आधी कळली पाहिजे, मग अनुमान. आम्ही एका हिवाळ्यात दोन काठ्या लावून बसायचो. एकीच्या गोळीत हिंग-बडीशेप, दुसरीच्या तशीच साधी. वही ठेवली होती. आमची खात्री होती की हिंगवाली जिंकणार, कारण ती आमची घरगुती, गुप्त वगैरे कृती होती. महिनाभरानंतर वहीत दोन्हींचं खातं जवळपास सारखं. खरा फरक पडत होता तो दुसऱ्याच गोष्टीने. ज्या जागी आदले तीन दिवस ठरलेल्या वेळी खाऊ टाकला होता, तिथं दोन्ही काठ्या वाकायच्या. जिथं टाकला नव्हता, तिथं दोन्ही कोरड्या. इतकी वर्षं यश मिळत होतं खाऊमुळे आणि श्रेय जात होतं हिंगाला. यालाच अन्यथासिद्ध म्हणतात. घडा करताना कुंभाराच्या मागे गाढव उभं असतं, म्हणून गाढव घड्याचं कारण होत नाही.

मग सुगंधाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो खुणेचा. बंगालमध्ये खाऊत एकांगी नावाची सुगंधी मुळी घालतात. तिकडच्या माशाला ती जन्मजात आवडते असं नव्हे. हा वास आला की खायला मिळतं, हे त्याला शिकवलं जातं. तीन दिवस काट्याविना एकच वास दिला, की मासा स्वतःची व्याप्ती बांधतो. जिथे हा वास, तिथे अन्न. चौथ्या दिवशी आपण त्यात काटा लपवतो. म्हणजे आधी त्याच्याशी एक भाषा ठरवायची, आणि मग त्याच भाषेत खोटं बोलायचं.

मासाही काही कमी नाही. नेदरलँड्समध्ये ब्यूकेमा या संशोधकाने तळ्यातल्या कार्पवर प्रयोग केले, ते १९७० साली प्रसिद्ध झाले. एकदाच गळाला लागून सुटलेला कार्प नंतर पुष्कळ काळ गळ टाळतो, असं त्यांना आढळलं. एकच अनुभव पुरतो. विद्यार्थ्यांना एकाच गोष्टीसाठी तीन-तीन वेळा परीक्षेला बसलेलं आम्ही पाहिलंय. (हशा) गळवाले सारखे वास बदलतात ते यासाठी. जुनी खूण आता धोक्याची झालेली असते.

इथं आम्हाला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

दर्यापूरकडे पूर्णेकाठच्या एका गावी आमचे एक नातलग राहत. उन्हाळ्यात पूर्णेची धार तुटते आणि ठिकठिकाणी डोह उरतात. तशाच एका डोहावर आम्ही सकाळी जाऊन बसलो. आमची आंबवलेली ढेप, गूळ, सगळा जामानिमा. तासाभरात चार रोहू. इतके मोठे, इतके निःशंक, की आम्हीच चकित झालो. कुठला खाऊ टाकायची गरजसुद्धा पडली नाही. मासे वाट बघत असल्यासारखे आले. आम्ही आमच्या कृतीला शाबासकी दिली.

ऊन चढायच्या आत एक म्हातारे भोई हातात फडकं घेऊन आले. फडक्यात शिळी भाकर आणि थोडा कोंडा. त्यांनी आमच्या पिशवीकडे पाहिलं, मग पाण्याकडे. आम्ही नमस्कार केला. ते म्हणाले, "सर, याच येळेले येतेत ते. रोज." त्यांच्या आवाजात राग नव्हता, माहिती दिल्यासारखं सांगितलं. आम्ही कसंबसं विचारलं, बाबाजी, तुम्ही खाऊ घालता का यांना? "पान्याले कमी झालं की घालतो जी. डोह आटेपर्यंत तग धरतेत. पावसात जातेत निंघून."

आम्ही आमची कृती सांगायला लागलो, का ते आजही कळत नाही. गूळ, फुटाणे, आंबवलेली ढेप. त्यांनी गोळी हातात घेतली, वास घेतला. म्हणाले, "हे त चांगलंच हाये. पन मासोळीले वासाची नाही जी, मानसाच्या येन्याची सवय असते." फडक्यातली भाकर त्यांनी त्या दिवशी पाण्यात टाकली नाही. गाठ बांधली आणि परत गेले. नातलगांकडून नंतर कळलं की त्या उन्हाळ्यात ते पुन्हा डोहावर आलेच नाहीत. मासे रोज त्या वेळेला वर येत राहिले असणार.

आम्ही त्या सकाळी कायदा मोडला नव्हता, कुणाचा ठेकाही नव्हता. तरी आईचे ते तीन शब्द पुरेसे नाहीत असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. काटा आमचा होता. गोळीतलं खरं आमिष मात्र त्या माणसाचं होतं, त्याच्या रोजच्या येण्याचं. ते आम्ही न विचारता वापरलं.

(प्रश्नोत्तरं)

एका ताईंचा प्रश्न आहे : मग तुम्ही गळ टाकणं सोडलं का?

नाही सोडलं. खोटं कशाला सांगू? पण अनोळखी पाण्यावर गेलो की आता आधी गावात विचारतो, इथं कुणी खाऊ घालतं का. धरणांवर आणि मोठ्या तलावांवर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांना विचारणं तर आलंच. महानच्या काटेपूर्णेला अभयारण्य आहे, तिथं गळाचा विचारही नको. आणि पावसाळ्यात आम्ही काठी बाहेर काढत नाही. मादीच्या पोटात अंडी असतात.

अकोल्याहून एक श्रोते विचारतात : सरकीची ढेप चालेल का, आमच्याकडे तीच असते.

चालेल, पण एक चतुर्थांशाच्या वर नको. सरकीत गॉसिपॉल नावाचा कडवट, थोडा विषारी घटक असतो. शेंगदाण्याची ढेप आणि तांदळाचा कोंडा समभाग, हे मत्स्यशेतीतलं जुनं, पारखलेलं खाद्य आहे. नुसता खाऊ टाकायचा असेल तर तेच टाका. आणि मोजून टाका. लहान तळ्यात उन्हाळ्यात आधीच पाण्यात प्राणवायू कमी, त्यात पहाटे तर सगळ्यात कमी. न खाल्लेली ढेप तळाशी सडते आणि उरलेला प्राणवायूही खाते. पहिल्या दिवशी एक मूठ टाका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा जा, आणि आधी पाणी बघा. वर बुडबुडे येत असतील तर कुणीतरी तळ उकरतंय. नसतील, तर मूठ पिशवीतच राहू द्या.